बशीतलं विरजण

बंदरासमोरच्या आमच्या हॉटेलाचं तळघर इतकं खोल होतं, की वरून मारलेली हाक खाली पोहोचेपर्यंत मारणारा जेवून, बडीशेप खाऊन घरी गेलेला असायचा. त्या हॉटेलाच्या दारावर उभं राहण्यात मी जन्म घालवला. तेव्हा हे मी नाही सांगणार तर कोण सांगणार?

तर त्या तळघरात पाहुण्यांची हातपाय धुवायची जागा होती. पांढऱ्या फरशा, पितळी नळ, माणसाला तो आहे त्यापेक्षा जरा बरा दाखवणारा मोठा आरसा, आणि आरशाशेजारी खुर्चीवर आमचा टॉवेलराव. आईबापांनी ठेवलेलं नाव त्याला स्वतःलाही आठवत नसावं. बॉयलरच्या नळावर टॉवेल गरम करायचे, सुरळ्या करून झाकणाच्या टोपलीत ठेवायचे. पाहुण्याचे हात धुऊन झाले की दोन्ही तळव्यांवर टॉवेल पुढे करायचा. तो वळला की बेसिन असं पुसायचं, की इथे कधी पाणी होतं याचा पुरावा राहू नये. हे त्याचं काम. मालकाने त्याला गणवेश दिला होता, खुर्ची दिली होती, बॉयलरच्या मागची खोली राहायला दिली होती. पगार तेवढा द्यायचा राहून गेला होता, आणि वर्षानुवर्षं तो राहूनच गेला.

त्याचं पोट होतं स्टुलावरच्या बशीत. निळ्या काठाची बशी. वहिनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, लग्नातल्या कपबश्यांपैकी वाचलेली ती शेवटची.

आता रिकाम्या बशीत कोणी काही टाकत नाही. म्हणून रोज सकाळी टॉवेलराव आपल्याच खिशातली थोडी नाणी त्यात ठेवायचा. याला आम्ही विरजण म्हणायचो. विरजण बेताचंच लागतं. फार थोडं असलं तर पाहुण्याला वाटतं, इथे कोणीच देत नाही, मग मीच का? फार झालं तर वाटतं, हा तर माझ्यापेक्षा श्रीमंत. चिल्लर ठेवायचीच नाही, कारण माणूस बशीत जे दिसतं तेच टाकतो. मोठी, चकचकीत नाणी ठेवायची, आणि तीही सहज पडल्यासारखी. सहज पडल्यासारखी मांडायला त्याला बराच वेळ लागायचा.

त्यातून बोटीने येणारे परदेशी पाहुणे म्हणजे वेगळंच प्रकरण. उतरल्याबरोबर त्यांना सगळ्यात मोठी भीती कशाची? चोराची नाही, पाण्याची नाही, टिपेची. कुणाला द्यायची, किती द्यायची, हातात की टेबलावर. एका मुलखाचे लोक लाच दिल्यासारखे इकडेतिकडे बघून मुठीतून मुठीत सरकवतात. दुसऱ्या मुलखाचे बिल वाचतात, मग पुन्हा वाचतात, मग बायकोला वाचायला देतात. तिसऱ्या मुलखात म्हणे टीप देणं म्हणजे समोरच्याच्या मुस्काटात मारणं. ते नुसते कमरेत वाकतात. एक जण तर इतक्या मनापासून वाकला की त्याची कवळी बेसिनात पडली. टॉवेलरावाने ती धुतली, गरम टॉवेलात गुंडाळली आणि दोन्ही तळव्यांवर परत केली. माणूस हा असा.

मालकाचा नियम एकच होता: पाहुण्यांशी पैशाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. तोंडावर हसू ठेवायचं. टॉवेलरावाचं हसू इतकं मुरलेलं होतं की तो दाढदुखीतही हसायचा.

वहिनी हॉटेलाचे टेबलक्लॉथ रफू करायच्या. असं रफू की मालक भोक शोधायला भिंग घेऊन बसायचा आणि शेवटी दुसरंच चांगलं कापड भोसकून म्हणायचा, हे राहिलं! त्या वहिनींचा एक डोळा गेला. काचबिंदू. कळेपर्यंत उशीर झालेला. दुसराही त्याच वाटेवर होता. डॉक्टर माणूस मोकळा. तो म्हणाला, "गेलेला डोळा मला आणता येत नाही. राहिलेला वाचवता येईल, पण बोटींचा मोसम संपायच्या आत ऑपरेशन झालं पाहिजे. त्यानंतर आलात तर मी तुम्हाला फक्त चहा पाजू शकेन."

पैसे मोसमातच मिळायचे, बोटींच्या पाहुण्यांकडून. म्हणजे सगळं जुळत होतं. वहिनींनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा त्यासाठी रिकामा केला आणि डोळ्याचा डबा असं त्याचं बारसं करून टाकलं.

संध्याकाळी मी कधीकधी त्यांच्या खोलीत जायचो. बॉयलरच्या भिंतीला पाठ टेकून दोघं पत्ते खेळत बसलेली असायची. वहिनी पूर्वीपासून पत्त्यांत लबाडी करायच्या, तीही अगदी उघड. आता नीट दिसत नव्हतं म्हणून त्यांचे पत्तेही टॉवेलरावच वाचून दाखवायचा.

"हा कोणता हो?"

"बदामाची राणी."

"खोटं. राणी मघाशी पडली."

"मग तूच टाकलीस मघाशी खोटी राणी."

"बघा भावजी," वहिनी मला म्हणायच्या, "डोळा वाचू दे एकदा. पहिल्या डावात यांचा गणवेश जिंकून घेते की नाही बघा."

मोसमाची पहिली बोट लागली. पाहुण्यांना फिरवायला पोपट होता. पोपट म्हणजे आमचा गाईड. चार भाषा बोलायचा आणि चारींत थापा मारायचा. आमचा दीपस्तंभ दर हिवाळ्यात एक पाऊल समुद्राकडे सरकतो, असं त्यानेच सांगून ठेवलं होतं, आणि पाहुणे खडूने खुणा करून जायचे. पण पोपटाचंही पोट टिपेवरच होतं. आणि त्याचा सिद्धान्त असा, की पाहुणा ज्या दिवशी ओशाळतो त्या दिवशी तो टीप देत नाही. म्हणून पाहुण्याने काहीही केलं तरी ते बरोबरच.

त्या दिवशी एक धिप्पाड, भला पाहुणा तळघरात उतरला. हात धुतले. टॉवेल घेतला. बशीकडे बघितलं. बशीत चकचकीत नाणी. त्याच्या मुलखात काय पद्धत होती देव जाणे. त्याने बराच विचार केला, हळूच एक नाणं उचललं, छातीला लावलं आणि खिशात टाकलं.

टॉवेलराव हसला.

तिथेच घात झाला. तो रागावला असता, निदान दचकला असता, तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण मुरलेलं हसू. आलं ते आलंच.

पाहुण्याने मागे वळून पोपटाला विचारलं, "मी बरोबर केलं ना?"

मागे रांग उभी होती. सगळे ऐकत होते. पोपटाने एका श्वासात सांगून टाकलं, "अगदी बरोबर! आमच्याकडची जुनी रीत आहे. तळघरातला म्हातारा प्रवाशाला शुभशकुनाचं नाणं देतो. न घेणं म्हणजे त्याचा अपमान."

रांगेतल्या कुणाला त्या म्हाताऱ्याचा अपमान करायचा नव्हता. मोठी सज्जन माणसं. एकेक जण पुढे आला, एकेक नाणं उचललं, छातीला लावलं. एका संकोची माणसाने सगळ्यात लहान नाणं कुठलं ते शोधून घेतलं. एका बाईने नवऱ्यासाठीही घेतलं, तो बोटीवर आजारी होता. बशी चाटूनपुसून रिकामी झाली, आणि पोपटाला त्या दिवशी जन्मात मिळाली नव्हती एवढी टीप मिळाली.

"मेल्या," मी पोपटाला दारातच धरलं, "काय सांगून बसलास?"

"अरे, एका दिवसाची गोष्ट. ही बोट उद्या जाणार. पुढच्या बोटीला बरोबर उलटं सांगतो."

पण बोटीवरच्या लोकांना दुसरं कामच काय असतं? समुद्रात त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं. पुढच्या बंदरात दुसऱ्या बोटीवाल्यांना सांगितलं. पुढची बोट आली तेव्हा पाहुणे उतरले ते दीपस्तंभाकडे न बघताच सरळ आमच्या तळघराची वाट विचारत आले. जिन्यावर रांग, रांग दारातून बाहेर, बाहेरून धक्क्यापर्यंत. आणि रांगेचं शेवटचं टोक, माझ्यावर विश्वास असेल तर, अजून बोटीवरच होतं.

पोपटाने शब्द पाळला. तो म्हणाला, "मंडळी, जरा गैरसमज झालाय. खरं तर तुम्ही त्याला द्यायचं असतं." सगळे त्याच्याकडे बघून डोळे मिचकावत हसले. दारावरचे लोक असं सांगून फसवतात, हे त्यांना आधीच्यांनी बजावून ठेवलं होतं. मी मध्ये पडलो तर एका आजोबांनी मला बोट दाखवलं आणि नातवाला म्हणाले असावेत, बघ, हाच तो लबाड.

टॉवेलरावाने मग एक दिवस बशी रिकामी ठेवली. पाहुणे तिच्यासमोर ताटकळत उभे. वाढदिवसाला बोलावून खाऊ न दिलेल्या पोरांसारखे चेहरे. एका बाईच्या तर डोळ्यांत पाणी आलं. तक्रार वर गेली आणि मालक तळघरात उतरला. तो इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उतरला होता. त्यामुळे दोनदा वाट चुकला.

"काका, पाहुण्यांचा अपमान करता?"

"मालक, ते माझे पैसे नेतात हो."

"नेतात म्हणजे? मान देतात तुम्हाला! सगळं हॉटेल भरलंय तुमच्यामुळे. मेनूवर छापलंय मी, आमची पूर्वापार परंपरा."

"मालक, ही परंपरा गेल्या पंधरवड्यातली आहे."

"असेना. सुरुवात कधीतरी होतेच."

"मग नाणी हॉटेलाने द्यावीत."

मालक खरोखर दुखावला. "काका, मी दिली तर ती धंद्याची जाहिरात होईल. तुम्ही देता ते मनापासून. पाहुण्यांना फरक कळतो." मग जिना चढता चढता थांबून म्हणाला, "नसेल जमत तर सांगा. खुर्चीवर बसायला माणसं पुष्कळ आहेत. खोलीही लागेल त्यांना."

तुम्ही म्हणाल, सोडून का नाही गेला? जाऊन जाऊन कुठे जाणार? डोक्यावरचं छप्पर त्या खुर्चीला बांधलेलं. आणि गावातले नेहमीचे लोक अजून बशीत काहीबाही टाकायचे. ते तो सकाळी विरजण म्हणून ठेवायचा आणि दुपारपर्यंत बोटवाले ते छातीला लावून घेऊन जायचे. कमी पडलं की डोळ्याच्या डब्यातून घ्यायचा. परत ठेवू, असं म्हणून घ्यायचा. आज ना उद्या एखादा पाहुणा उलटा वागेल, मग त्याचं बघून दुसरा, असं त्याला खरंच वाटायचं. माणूस एवढ्या मोठ्या आशेवर कसा जगतो याचं मला नवल वाटतं. मी तर थापांवर जगलो.

एकदा त्याने शक्कल लढवली. चांभाराकडून खळ आणून नाणी बशीला चिकटवून टाकली. पहिला पाहुणा आला, ओढून बघितलं, निघेना. दुसरा आला, त्याने नखाने उकरलं, निघेना. तिसरी एक आजीबाई होती. तिने बराच विचार केला आणि सगळी बशीच उचलली, छातीला लावली आणि पिशवीत टाकली.

टॉवेलराव हसला.

वहिनींना त्याने काही सांगितलं नव्हतं. बशी फुटली म्हणाला. संध्याकाळी डाव मांडला तेव्हा वहिनींनी पत्ते हातात घेतलेच नाहीत.

"अहो, डबा हलका वाजतोय."

"कागद घातलाय त्यात. नाणी वाजू नयेत म्हणून."

"डोळा गेलाय. कान नाही गेला."

त्याने मग सगळं सांगितलं. मीही तिथे होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला मध्ये घालायला एकही थाप सापडली नाही. वहिनी ऐकत होत्या. शेवटी त्या हसल्या, खूप हसल्या. पदराने डोळे पुसले, गेलेला आणि जाणारा दोन्ही.

"म्हणजे माझा डोळा छातीला लावून जगभर फिरतोय म्हणायचा."

"अगं, मोसम अजून संपला नाही."

"शेवटची बोट कधी?"

"याच आठवड्यात."

"मग मी बसते बशीपाशी," वहिनी म्हणाल्या. "मला बघून तरी उमजेल. आंधळ्या बाईच्या पुढ्यातलं कोणी उचलत नाही."

यात तथ्य होतं. मलाही पटलं. पोपट तर म्हणाला, "वहिनी, मी स्वतः त्यांना सांगतो, आज रीत वेगळी आहे, आज द्यायचा दिवस." तोही मनाने वाईट नव्हता. त्या मोसमात त्याने नवे बूट घेतले होते आणि आमच्यासमोर यायचं तर जुनेच घालून यायचा.

शेवटची बोट आली. मोसमाच्या सुरुवातीची तीच बोट, फेरी पुरी करून आलेली. वहिनी इस्त्रीची साडी नेसून खुर्चीवर बसल्या. मांडीवर हॉटेलातली पांढरी बशी, तिच्यात डब्यातली उरलेली सगळी नाणी. टॉवेलराव बाजूला टोपली घेऊन उभा. मी दार सोडून जिन्यावर येऊन थांबलो.

पहिली एक बाई आली. गळ्यात साखळी आणि साखळीत आमचंच एक नाणं, मधोमध भोक पाडून ओवलेलं. वहिनींना बघून ती थबकली. गुडघ्यांवर बसली. वहिनींचे हात हातात घेतले आणि बोलायला लागली. पोपट खालच्या आवाजात सांगत होता:

"बाई म्हणतात, मागच्या वेळी मी नवऱ्यासाठी नाणं नेलं होतं. तो बोटीवर आजारी होता. त्याच रात्री त्याचा ताप उतरला. डॉक्टरांनी आशा सोडली होती."

"बरं झालं हो," वहिनी म्हणाल्या. "आता बरा आहे ना?"

"अगदी बरा. मागे रांगेतच उभा आहे."

बाईने गळ्यातली साखळी काढली आणि नाणं वहिनींच्या तळव्यावर ठेवलं. वहिनींनी ते चाचपलं. मी टॉवेलरावाकडे बघितलं. तो टोपली खाली ठेवून पुढे वाकला होता. मोसमभरात पहिल्यांदा एक नाणं उलटं आलं होतं.

"भोक पाडलंय हो याला," वहिनी हलकेच म्हणाल्या. "चालायचं नाही हे कुठे."

बाईने त्यांच्या तळव्याचा मुका घेतला, नाणं उचलून पुन्हा गळ्यात घातलं. तिने ते फक्त दाखवायला दिलं होतं.

"पोपट, सांग ना आता," मी जिन्यावरून ओरडलो. "आज द्यायचा दिवस आहे म्हणून सांग!"

पोपटाने सांगितलं. देवाशपथ सांगितलं, तेही चारही भाषांत. बाईचा चेहरा उजळला. ती रांगेकडे वळून मोठ्याने काही बोलली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"काय म्हणाली?" टॉवेलरावाने विचारलं.

पोपट खाली बघत होता. "म्हणाली, ऐकलंत? आज ही आंधळी आई स्वतःच्या हाताने देणार आहे."

रांग पुढे सरकली. एकेक जण गुडघ्यावर बसत होता, तळवा पुढे करत होता. वहिनींनी पहिला तळवा चाचपला. मग त्यांनी बशीत हात घातला, एक नाणं चाचपून काढलं आणि समोरच्या तळव्यावर ठेवलं. मग दुसऱ्याच्या. काय करणार? पुढे आलेला तळवा रिकामा कसा परतवायचा? बऱ्या झालेल्या त्या नवऱ्याने बहिणीसाठीही एक मागून घेतलं. रांग संपायच्या आत बशी संपली. उरलेले पाहुणे वहिनींचा नुसता हात हातात घेऊन गेले, आणि त्यांचीही काही तक्रार नव्हती.

पुढच्या आठवड्यात आम्ही डॉक्टरकडे गेलो. वहिनींना आता जिन्याला दोन माणसं लागत होती, म्हणून एका बाजूने मी. डॉक्टरने डोळ्यात दिवा धरला, बराच वेळ धरला. मग दिवा विझवून टेबलावर ठेवला.

डॉक्टर शब्दाचा पक्का. त्याने चहा मागवला.

चहा चांगला होता, आलं घातलेला. वहिनी बशीत ओतून प्यायल्या. "साखर बेताची आहे," म्हणाल्या. निघताना टॉवेलरावाने खिसा चाचपला, एक नाणं निघालं, शेवटचंच असावं. ते त्याने रिकाम्या बशीत ठेवलं, चहा आणून देणाऱ्या नर्सबाईंसाठी.

आम्ही रस्त्यावर पोहोचलो होतो. मागून चपला वाजल्या. नर्सबाई धावत आल्या होत्या, धापा टाकत.

"काका, अहो काका! तुमचं नाणं राहिलं बशीत."

त्यांनी ते त्याच्यापुढे धरलं. मोसमभरात त्याला कोणी परत केलेलं ते एकच नाणं, भोक नसलेलं. टॉवेलरावाने त्याच्याकडे बघितलं. आणि तो हसला.

"राहू द्या, बाई," तो म्हणाला. "तुम्हीच ठेवा. शुभ असतं म्हणतात."